चेट बेकर युरोपात : पॅरिस, रोम की कोपनहेगन?

अमेरिकन जॅझ-वादक चेट बेकरचं ट्रम्पेट आवडू लागलेल्या माणसाने बहुधा त्याचं कॅलिफोर्नियातलं सुरुवातीचं काम ऐकलेलं असतं : १९५२ची सॅक्सोफोनवादक गेरी मलिगनची पियानो नसलेली चौकडी आणि १९५४चं कोवळ्या आवाजातलं गाणं. त्यापुढे युरोपातल्या रेकॉर्डकडे वळलं की गोंधळायला होतं. शेवटची दहाएक वर्षं तो बहुतेक तिकडेच राहिला, आणि रेकॉर्ड इतक्या निघाल्या की त्यांत बरंवाईट सगळंच आहे. एकच घ्यायची असेल तर निवड तीन शहरांत करावी.

पॅरिस, ऑक्टोबर १९५५. बार्कले कंपनीसाठी केलेल्या या ध्वनिमुद्रणात बेकर पंचविशीचा आहे आणि पियानोवर बोस्टनचा डिक ट्वार्ड्झिक. रचना बहुतेक अमेरिकन संगीतकार बॉब झीफच्या : छोट्या, आडवळणाच्या, सहज गुणगुणता न येणाऱ्या. सुरेल, हळवा बेकर हवा असेल तर इथे तो पहिल्या फटक्यात भेटणार नाही. पण एकाच रचनेला पाच-सहा वेळा कान दिला की आतली वीण दिसायला लागते. 'द गर्ल फ्रॉम ग्रीनलँड' ही खुद्द ट्वार्ड्झिकची रचना. त्यातला त्याचा पियानो ऐकताना मला दर वेळी हळहळ वाटते. शेवटचं सत्र १४ तारखेला झालं आणि २१ तारखेला हेरॉइनने त्याचा जीव घेतला. वय अवघं २४. संगीत लिहिणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी मात्र हीच रेकॉर्ड आधी घ्यावी.

रोम, जानेवारी १९६२. ड्रग्जच्या प्रकरणात इटलीतल्याच लुक्काच्या तुरुंगात वर्षाहून जास्त काळ काढून बेकर नुकताच सुटला होता. रेकॉर्डचं नावच 'चेट इज बॅक!'. सोबत बेल्जियमचे तिघे, सॅक्सोफोन-बासरीवाला बॉबी जास्पार, गिटारवादक रने तोमा आणि बासवर बनवा केर्सँ. ड्रम्सवर स्वित्झर्लंडचा दानिएल ह्युमेर, पियानोवर इटलीचा आमेदेओ तोमासी. हा बेकर अंगावर येतो. तो फक्त हळुवार वाजवतो असा समज असेल तर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं 'बार्बेडोस' लावा : लय चढी, वाक्यं लांब, आणि कुठेही दम तुटत नाही. त्याच वर्षी त्याने इटालियन संगीतकार एन्निओ मोरिकोनेच्या वाद्यवृंदासोबत चार गाणी गायली. ती गोड आहेत, पण केवळ त्यांच्यासाठी खर्च करू नये.

कोपनहेगन, जून १९७९, 'द टच ऑफ युअर लिप्स'. मधल्या काळात बरंच घडून गेलं होतं. १९६६मध्ये मारहाणीत तोंडाला इजा झाली, पुढे दात गेले, आणि कवळी लावून त्याला फुंक पहिल्यापासून शिकावी लागली. इथे ड्रम्स नाहीत, पियानोही नाही. डग रेनीची गिटार, नील्स-हेनिंग ओर्स्टेड पेडरसनचा बास आणि बेकर, एवढंच. लय धरायला कुणी मागे नसल्याने स्वराआधीची हवा ऐकू येते : ओठांतून आधी नुसता श्वास निसटतो आणि त्यातून स्वर उमटतो. रात्री हेडफोन लावून ऐकाल तर तो शेजारी बसून वाजवतोय असं वाटेल.

निवड जमत नसेल तर एक सोपा उपाय आहे. 'स्टार आइज' ही चीज रोमच्या रेकॉर्डमध्येही आहे आणि कोपनहेगनच्याही. पाठोपाठ ऐका. रोममध्ये तो जागा भरत जातो, कोपनहेगनमध्ये मोकळ्या सोडतो. ज्या कानाला आलापीतला ठहराव आवडतो, त्याला दुसरी जवळची वाटेल. मला तरी ती वाटते.

म्हणून पहिली रेकॉर्ड घेणाऱ्याला मी कोपनहेगनच सुचवेन. स्वच्छ, झळाळता स्वरच हवा असेल तर मात्र घेऊ नका. इथे स्वर कधी कधी फाटतो, गाताना आवाज खालीच राहतो. पण 'बट नॉट फॉर मी' त्याने १९५४मध्येही गायलं होतं. तेव्हा ते एका पोराने गायलेलं छान गाणं होतं. इथे पन्नाशीला टेकलेला माणूस तेच शब्द उच्चारतो आणि त्यातला एकही शब्द उसना वाटत नाही.

ही आवडली तर पुढे १९८५ची 'डायान' घ्या. पियानोवर पॉल ब्ले आणि हा, दोघंच. गती आणखी संथ आहे, त्यामुळे सुरुवात मात्र तिथून करू नका.