साउंडबॉक्सचं भाडं, करंट खातं आणि चादरीचं दुकान: काही महिन्यांच्या वापरानंतर

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, ऐन गर्दीच्या दिवसांत, आलेलं पेमेंट बोलून सांगणारा साउंडबॉक्स मुका झाला. भाडं कापणं मात्र एक दिवसही थांबलं नाही. हा सगळा खटाटोप लिहायला तेच निमित्त. यूपीआय म्हणजे काय, स्कॅनर कसा मिळतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. सेव्हिंग खात्यावरचा घरगुती स्कॅनर काढून करंट खातं आणि व्यापारी स्कॅनर घेतला की पैसे कुठे जातात, कुठे जात नाहीत आणि कुठे गुपचूप जातात, एवढंच बघू. हिशेब चादरी-टॉवेलच्या दुकानाचा आहे. किराणा किंवा हॉटेलवाल्यांनी आकडे आपल्या नफ्याप्रमाणे बदलून घ्यावेत.

बाजारात एक समज पक्का बसलाय की 'बिझनेस' केलं की प्रत्येक पेमेंटला कट लागतो. बँक खात्यातून होणाऱ्या साध्या यूपीआयला लागत नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे दर व्यवहारामागचा कट, घेता येत नाही. गिऱ्हाइकाने ४०० ची चादर घेतली तर ४०० च येतात, स्कॅनर घरगुती असो की दुकानाचा. मग कंपन्यांची पोरं दारोदार फिरून स्कॅनर फुकट का चिकटवतात? त्यांची कमाई बॉक्सच्या भाड्यात, कार्डाच्या शुल्कात आणि 'तुमच्यासाठी कर्ज मंजूर' असल्या फोनांत आहे. सरकारही बँकांना थोडं प्रोत्साहन देतं. २०२४-२५ साठी लहान दुकानदाराच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर ते ०.१५ टक्के होतं. त्यातलं दुकानदाराच्या हाती काही येत नाही.

आता करंट खातं. याच्यावर व्याज शून्य, म्हणून लोक दचकतात. सेव्हिंगवर अडीच-तीन टक्के मिळतं, तेवढंच नुकसान. किमान शिल्लक १०,००० धरली तर अडीच टक्क्याने वर्षाचे २५० रुपये बुडतात. २५०! हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बाकीची रक्कम आठवड्याला आपल्याच सेव्हिंग खात्यात वळवायला कोणी अडवत नाही.

किमान शिल्लक म्हणजे रोज १०,००० पडून हवेत, असं मात्र नाही. बहुतेक खात्यांत ती सरासरी असते. रोज रात्रीची शिल्लक घ्यायची, बेरीज करायची, दिवसांनी भागायचं. ३० दिवसांच्या महिन्यात १०,००० ची सरासरी हवी तर बेरीज ३ लाख भरली पाहिजे. म्हणजे १ लाख रुपये फक्त तीन रात्री खात्यात झोपले की महिना निभावला. शुक्रवारी आलेले पैसे सोमवारी सकाळी उचलले की शुक्र, शनि, रवि मिळून काम झालं. सरासरी तिमाहीची असेल तर ९१ दिवसांची बेरीज ९ लाख १० हजार लागते, आणि तिथे तिसऱ्या महिन्यात जाग येऊन उपयोग नसतो. खातं उघडताना सरासरी महिन्याची की तिमाहीची, हे विचारून घ्या. कमी पडली तर दंड, दंडावर १८ टक्के जीएसटी. दुसरं विचारायचं ते रोख भरण्याबद्दल. महिन्याला किती रोकड फुकट भरता येते आणि त्याच्या पुढे हजारामागे किती घेतात? यात्रेच्या आणि लग्नसराईच्या महिन्यांत गल्ला नोटांनीच भरतो, आणि ती मर्यादा तेव्हाच ओलांडली जाते.

कागदपत्रांचं फार नाही. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला धंद्याचे साधारण दोन पुरावे मागतात. उद्यम, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, आधारच्या ओटीपीवर फुकट होते. तिचे पैसे मागणारा एजंट दिसला की वाट बदला. गुमास्त्याचं, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचं, म्हणाल तर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिची पावती चालते. घोळ होतो तो नावात. एका कागदावर 'टेक्सटाईल', दुसऱ्यावर 'टेक्स्टाइल्स', पॅनवर तिसरंच काही, की अर्ज परत. इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे अक्षर न् अक्षर एकच ठेवा. व्यवसायाचा प्रकार निवडताना कपड्याचाच निवडा. माणूस घाईत किराणा टाकून जातो आणि पुढे कार्डाचा दर, मर्यादा सगळं त्या चुकीच्या खान्यातून ठरतं.

आता बॉक्स. भाडं १२५ रुपये महिना. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २२ रुपये ५० पैसे, एकूण १४७ रुपये ५० पैसे. वर्षाचे १,७७०. ज्या करंट खात्याला लोक घाबरतात ते २५० रुपयांना पडतं, आणि 'पेमेंट प्राप्त झालं' एवढंच बोलणारा डबा १,७७० ला. कोणी भाडं रोज चार-पाच रुपये करून कापतो, कोणी महिन्याला एकदम. रोज कापलेलं दिसतच नाही, हाच त्यातला डाव.

बॉक्सच्या पोटात मोबाइलचं सिम असतं, कंपनीचं. होम मैदानाच्या आसपास यात्रेत टॉवरवर एवढा भार पडतो की घोषणा मिनिट-दोन मिनिटं उशिरा येते, कधी येतच नाही. तोवर गिऱ्हाईक हिरवी बरोबरची खूण दाखवून पिशवी उचलतं. ती खूण दाखवणारी खोटी अ‍ॅपं आहेत, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर विश्वास नको. दुकानदाराच्या अ‍ॅपमध्ये 'आजची पेमेंट' उघडून रक्कम आणि वेळ बघायची, मगच माल सोडायचा. वायफायवर चालणारा बॉक्स मिळत असेल आणि दुकानात नेट असेल तर तो घ्या. बॅटरीचंही तेच. दिवसभर चार्जरला लावून ठेवला की काही महिन्यांत बॅटरी बसते आणि वायर काढताक्षणी आवाज बंद.

खरी मेख बॉक्स बदलताना आहे. बिघडला म्हणून नवा येतो. नव्याचा डिव्हाइस क्रमांक वेगळा. जुना क्रमांक 'परत घेतला' असं सिस्टिममध्ये कोणी टाकलं नाही तर दोन्ही क्रमांकांवर भाडं चालू. एका आवाजाचे २९५ रुपये! फोनवर सांगून हे सुटत नाही. तिकडून 'सर, तिकीट रेझ केलं' एवढंच ऐकू येतं. म्हणून जुना बॉक्स देताना मागच्या बाजूचा क्रमांक दिसेल असा फोटो काढायचा, नेणाऱ्याकडून तारखेसह पोच घ्यायची आणि त्याच दिवशी अ‍ॅपच्या मदत विभागात ती चढवायची. भाडं तुमच्या खात्यावरच्या ऑटोपे मँडेटमधून (आपोआप पैसे कापायची तुम्ही दिलेली परवानगी) जात असेल तर यूपीआय अ‍ॅपमधून ते मँडेट रद्द करता येतं. पण सेटलमेंटमधून, म्हणजे कंपनी तुमच्या खात्यात टाकते त्या जमेतून, आधीच वजा होत असेल तर तुमच्या हातात काही नाही, कंपनीनेच थांबवायचं. तिथे कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेल्या, तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला ईमेल हाच रस्ता. बॉक्स बँकेचा असेल तर बँकेकडे लेखी तक्रार करायची, आणि ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन.

बॉक्सची एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. भाषा बदलता येते. काउंटरवर तेलुगू बोलणारी पोरं असली की तेलुगूत ठेवा. आकडा कानावर पडताच त्यांना कळतो, मान वर करावी लागत नाही. सोलापुरात ही सोय शंभर रुपयांची तरी आहे. उरलेले ४७ रुपये ५० पैसे अजून सलतात.

कार्डाकडे वळू. सुरुवातीला ठाम मत होतं की क्रेडिट कार्ड नकोच. साधा दर २ टक्क्यांच्या आसपास, त्यावर जीएसटी धरून २.३६ टक्के. ५,००० च्या बिलावर ११८ रुपये. चादरीत १२ टक्के सुटत असतील तर ६०० च्या नफ्यातला पाचवा हिस्सा गेला. (२,००० पर्यंतच्या कार्ड व्यवहाराच्या शुल्कावर जीएसटी लागत नाही, तेवढी सूट.) त्यात रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून येतं. गिऱ्हाईक नेहमीसारखा स्कॅन करतो, दुकानदाराला वाटतं फुकटचं यूपीआय, आणि सेटलमेंटमध्ये कट दिसतो. लहान व्यापाऱ्याला २,००० पर्यंत तो नाही, वर आहे. घरगुती स्कॅनरवर हे कार्ड चालतच नाही, म्हणून हा खर्च खातं बदलल्यावरच पहिल्यांदा दिसतो. वॉलेटमधून यूपीआयने २,००० च्या वर पैसे आले तरी असाच प्रकार होऊ शकतो. एप्रिल २०२३ पासून त्यावर १.१ टक्क्यांपर्यंत इंटरचेंज, म्हणजे बँका-कंपन्यांमधलं आपसातलं शुल्क, आहे.

लग्नसराईनंतर हे मत बदललं. आहेराचे टॉवेल-टोप्या, पाहुण्यांना द्यायच्या चादरी, असं १५,००० चं बिल कार्डावर झालं तर शुल्क ३५४ रुपये. तेच गिऱ्हाईक रोख देताना 'पाच टक्के तरी सोडा की ओ' म्हणतं, म्हणजे ७५० गेले. कार्डवालं गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं आणि दोन डझन जास्त उचलतं. तेव्हा क्रेडिट चालू ठेवलंय. फक्त ठोक मालाला नाही, तिथे नफाच दोन-चार टक्के. बॉक्सचं वर्षाचं भाडं म्हणजे ७५,००० च्या क्रेडिट विक्रीचं शुल्क, हेही गणित करून बघा. त्या ७५,००० ने निदान माल तरी खपवला असता.

डेबिट कार्डाला कमाल मर्यादा ठरलेली आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर ०.४० टक्के, एका व्यवहाराला जास्तीत जास्त २०० रुपये. त्यापुढच्या उलाढालीला ०.९० टक्के आणि १,००० रुपये. रुपे डेबिट शून्य. कोणी सरसकट दीड टक्का सांगत असेल तर करार वाचा.

सेटलमेंट हा दुसरा त्रास. घरगुती स्कॅनरवर प्रत्येक पेमेंट पासबुकात वेगळं दिसायचं. कंपनीच्या स्कॅनरवर दिवसभराचं एकत्र करून दुसऱ्या दिवशी एक आकडा पडतो, त्यातून भाडं आणि कार्डाचा कट आधीच वजा. विक्री १८,४०० ची आणि जमा १८,१३४ रुपये ५० पैसे, तर २६५ रुपये ५० पैसे कुठे? ५,००० च्या क्रेडिट बिलाचे ११८ आणि भाड्याचे १४७.५०. अ‍ॅपमधून सेटलमेंट रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरवायचा, त्यातला यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, बँकेच्या ओळीशी जुळवायचा. दर सोमवारी केलं तर सोपं जातं, महिनाअखेरीवर टाकलं तर डोकं धरायची वेळ. बँकेचा थेट स्कॅनर घेतला तर पैसे बहुधा लगेच आणि सुटे येतात. माझं मत तिकडेच झुकतं, अ‍ॅप दिसायला कितीही जुनाट असो. नियमित जीएसटी भरणाऱ्यांनी अ‍ॅपमध्ये आपला जीएसटी क्रमांक भरला आहे का, हे आजच बघा. तो नसेल तर शुल्कावरच्या कराचं बिल तुमच्या नावे निघत नाही आणि त्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, बुडतं. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का जीएसटी भरणाऱ्यांना, ते तसंही मिळत नाही.

बाहेरगावच्या ठोक ऑर्डरला स्कॅनर देऊच नका. यूपीआयची १ लाखाची मर्यादा आडवी येते. करंट खात्याचा नंबर द्या. एनईएफटी-आरटीजीएस दिवसरात्र चालतं, आलेल्या पैशाला शुल्क नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पुण्या-मुंबईहून दोन चादरी मागवणाऱ्याला पेमेंट लिंक पाठवायची हौस नको. गेटवेचा, म्हणजे लिंक देणाऱ्या कंपनीचा, २ टक्के दर बहुधा यूपीआयलाही लागतो आणि माल परत आला तरी ते शुल्क परत येत नाही. स्कॅनरचा फोटो पाठवला की काम फुकटात होतं.

कराची भीती उगाच आहे. २०२५ च्या जुलैत शेजारच्या कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा इथेही काहींनी स्कॅनर उतरवायचं मनात घेतलं. पण सेव्हिंग खातं काही लपलेलं नसतं. उलट त्यात मेव्हण्याने परत केलेली उसनवारी आणि भिशीचे पैसेही विक्रीसारखे दिसतात. फक्त माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख आहे, आणि त्यात हे परके आकडे मिसळले की खुलासा करता करता नाकी नऊ येतात. वर, आयकराच्या अंदाजे नफ्याच्या योजनेत रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६. दहा लाखांवर तो फरक २०,००० चा.

वेगळं खातं ठेवायचं सर्वांत मोठं कारण पैसे अडकणं हे आहे. कोणीतरी फसवणुकीच्या पैशातून चादर घेतो, ज्याचे पैसे गेले तो १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करतो, आणि साखळीत तुमचं खातं आलं की रक्कम, कधीकधी सगळं खातंच, गोठतं. ते घरचं खातं असेल तर दूध, फी, हप्ते सगळं ठप्प. बँकेकडून तक्रार क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी घ्या, त्या व्यवहाराचं बिल आणि यूटीआर द्या, आणि फक्त वादातली रक्कम रोखून बाकी मोकळी करा, असा अर्ज करा. यासाठी प्रत्येक डिजिटल विक्रीचं बिल हवं, शंभराच्या टॉवेलचंही.

स्कॅनर शटरवर किंवा भिंतीवर चिकटवू नका, रात्रीत त्यावर दुसऱ्याचा चिकटवून जातात. काउंटरच्या काचेखाली ठेवा आणि सकाळी दुकान उघडताच दुसऱ्या फोनवरून १ रुपया टाकून नाव दुकानाचंच येतंय ना ते बघा.