शमामा-अंबर: मोहम्मद अली रोडवरचे अत्तर आणि ते लावणारी माणसे

मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या आसपास अत्तराची जी जुनी दुकाने आहेत, त्यांतील बहुतेकांत शमामा-अंबर या नावाचे गडद तपकिरी, किंचित दाट अत्तर मिळते. काउंटरवरचा माणूस काचेची सळई मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवतो आणि हे अत्तर प्रत्येकाच्या अंगावर वेगळे उठते, असे हमखास सांगतो. या वाक्याने माल खपतो हे उघड आहे. पण त्यात तथ्य किती, हे पाहण्यासाठी एकाच कुपीतले अत्तर मी घरातल्या आणि कार्यालयातल्या काही माणसांना लावायला दिले आणि स्वतःही डिसेंबरच्या थंडीपासून मार्चचा उकाडा सुरू होईपर्यंत वापरले. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण त्याचा वाचकाला फारसा उपयोग नाही. शमाम्याची कृती ज्याची त्याची वेगळी असते, मिश्रण दुकानागणिक बदलते, आणि त्याच दुकानातला पुढच्या वर्षीचा माल या वर्षीच्या मालाबरहुकूम निघेल याची कोणी हमी देत नाही.

शमामा मूळचा उत्तर प्रदेशातल्या कनौजचा. तांब्याच्या देगेत सुगंधी वनस्पती आणि मसाले पाण्यात शिजवायचे, देगेचे झाकण मातीने लिंपून बंद करायचे आणि निघणारी वाफ बांबूच्या नळीतून गार पाण्यात बसवलेल्या भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरवायची, ही तिथली जुनी पद्धत. भपक्यात आधीच ओतून ठेवलेले चंदनतेल वाफेतला गंध शोषून घेते. गुलाबाच्या अत्तरात एकट्या गुलाबाचेच काम असते. शमाम्यात मात्र दगडफूल, नागरमोथा, जटामांसी, कपूरकाचरी, लवंग, वेलदोडा, जायफळ, जायपत्री, केशर अशी लांबलचक यादी असते, आणि हे जिन्नस एकदम न घालता टप्प्याटप्प्याने उतरवले जात असल्यामुळे एक घाणा पुरा व्हायला कित्येक दिवस जातात. त्यात अंबर मिसळले की मसाल्याच्या कोरडेपणाला गोड, राळेची ऊब मिळते. हे अंबर म्हणजे बहुधा भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाची लॅब्डेनम नावाची चिकट राळ, आपल्याकडे धुपाटण्यात घालतात तो ऊद, आणि व्हॅनिलाचा गोड गंध देणारे व्हॅनिलिन यांचा मेळ. व्हॅनिलिन प्रयोगशाळेत १८७४ मध्ये तयार झाले आणि त्यानंतर या गोड, उबदार गंधाचे दिवस पालटले. लाहोरच्या बागेचे नाव घेऊन १९२५ मध्ये पॅरिसहून बाजारात आलेले गेर्लँचे 'शालिमार' याच कुळातले.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. यात अस्सल अंबर आहे, म्हणजे वर्तमानपत्रे ज्याला 'व्हेल माशाची उलटी' म्हणतात ते आहे, असे कोणी सांगितले तर कुपी परत ठेवावी. त्या पदार्थाची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, आणि मुंबई-ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत त्याच्या जप्तीच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. काही शे रुपयांच्या कुपीत ते असण्याचा प्रश्नच येत नाही. मी घेतले त्या दुकानदाराने तसा दावा केला नाही, ही त्याच्या बाजूने जमेची गोष्ट.

आता माणसांकडे वळते. सर्वांत आधी हे अत्तर लागले ते सासूबाईंना. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे, त्वचा कोरडी, परंतु आंघोळीआधी हातापायांना खोबरेल लावण्याचा नेम कधी चुकलेला नाही. हळदीकुंकवाला पुढे करतात तसा त्यांनी हात पालथा करून पुढे केला, वास घेतला, थोडे थांबून पुन्हा घेतला आणि म्हणाल्या, "अगं, यात दगडफूल आहे." मी त्यांना घटकांबद्दल अक्षरही सांगितले नव्हते. दरवर्षी लालबागच्या मिरची गल्लीतून गोड्या मसाल्याचे सामान आणून, त्यातले दगडफूल निवडून, थेंबभर तेलात परतणाऱ्या बाईच्या नाकाला ते ओळखू यावे यात खरे तर नवल नाही. दगडफुलाला नुसता फारसा वास नसतो; उष्णता आणि तेल मिळाले की तो मातकट, किंचित धुरकट होऊन वर येतो, आणि सासूबाईंच्या हातावर तो दुपारपर्यंत तसाच राहिला. त्यामागून लवंग आणि वेलदोडा सावकाश येत होते. अंबराचा गोडवा मात्र तळाशीच राहिला. संध्याकाळी मी वास घेतला तेव्हा तो नागरमोथा आणि कपूरकाचरीवर येऊन थांबला होता, म्हणजे दिवाळीच्या पहाटेच्या उटण्याच्या अगदी शेजारी. मला विचाराल तर हे अत्तर सर्वांत सुरेख उठले ते त्यांच्याच अंगावर.

पुतण्याच्या बाबतीत नेमके उलटे झाले. तो महाविद्यालयात शिकतो, संध्याकाळी फुटबॉल खेळतो, त्वचा तेलकट आणि अंग कायम तापलेले. त्याच्या गळ्यावर लावलेले मसाले अर्ध्या तासात उडून गेले आणि राळ एकदम उघडी पडली. चामड्याकडे झुकणारा, धुरकट, काहीसा जनावरी असा तो वास होता, आणि खेळून आल्यावर त्यात घामाची भर पडली तेव्हा जाऊबाईंनी टी-शर्ट थेट गॅलरीत नेऊन टाकायला लावला. अर्थात यात सगळा दोष अत्तराचा नाही. त्याने काखेत समुद्राच्या नावाने विकला जाणारा बॉडी स्प्रे आधीच मारला होता, आणि त्या थंडगार, साबणी वासाचे या गरम मसाल्याशी कधीच पटणार नाही. शिवाय दाढी केल्या केल्या अत्तर लावल्यामुळे त्याच्या गळ्याची आग झाली. लवंगेतले युजेनॉल नाजूक त्वचेला झोंबते, आणि युरोपात ज्या सुगंधी द्रव्यांची नावे अ‍ॅलर्जीच्या शक्यतेमुळे वेष्टनावर छापावी लागतात त्यांत त्याचा समावेश आहे. नवीन कुपीतला पहिला थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर वाट पाहावी, हे उत्तम. एवढे होऊनही दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या मानेपाशी जो मंद, गोड, उदाचा वास शिल्लक होता, तो अप्रतिम होता, हे नमूद करायलाच हवे. दुर्दैवाने त्या वेळी तो झोपलेला होता.

कार्यालयातली माझी एक मैत्रीण दिवसभर वातानुकूलनाच्या झोताखाली बसते आणि तिचे हात कायम गार असतात. तिच्या मनगटावर लवंग आणि जायफळ जवळजवळ आलेच नाहीत. पहिल्यापासून व्हॅनिलिनचा गोडवा पुढे, आणि मसाला असलाच तर वेलदोड्यापुरता. तिला तो वास फार आवडला. मला तो मिठाईच्या दुकानाकडे जास्तच वळलेला वाटला. सायंकाळी आम्ही चर्चगेटला आलो, फलाटाच्या उकाड्यात पाचदहा मिनिटे उभ्या राहिलो, आणि तिच्याच मनगटावर तेच अत्तर अचानक मोठे झाले. सकाळपासून दबून बसलेली राळ तेव्हा कुठे वर आली. ज्यांचा दिवस असा अर्धा गारव्यात आणि अर्धा लोकलमध्ये जातो, त्यांना हे अत्तर दोनदा वेगवेगळे भेटते, आणि दुकानातल्या दोन मिनिटांत त्याचा अंदाज येत नाही.

माझी स्वतःची त्वचा कोरडी आहे. नुसत्या मनगटावर लावले तर पहिला तास चांगला जातो आणि मग सगळे सपाट होते. थोडे बिनवासाचे मलम किंवा खोबरेल आधी चोळले तर हेच अत्तर संध्याकाळपर्यंत टिकते. प्रमाणाबाबत मात्र मी आता कडक आहे. कानामागे सळईचे एक टोक टेकवणे पुरते. त्याहून अधिक झाले की सकाळच्या लेडीज डब्यात शेजारची बाई पदर नाकाशी नेते, आणि तिचे काही चुकत नाही. लावणाऱ्याला स्वतःला अर्ध्या तासाने वास येईनासा होतो, तेव्हा तो विरला असे समजून पुन्हा लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. विरलेला नसतो, आपले नाक त्याला सरावलेले असते. या कामी घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारणे हाच खात्रीचा उपाय आहे.

नवऱ्याला अंगाला काही लावलेले चालत नाही, म्हणून त्याने रुमालाच्या कोपऱ्यावर फाया टेकवला. कापडावर हे अत्तर जवळजवळ झोपूनच राहते. अंगाची ऊब नसल्यामुळे मसाले सावकाश, क्रमाने आणि फार दिवस येत राहतात, आणि खरे पाहता शमाम्याची घडण समजून घ्यायची असेल तर कापडाइतके सोयीचे साधन नाही. पण पांढऱ्या सुतीवर पिवळट-तपकिरी डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही. लग्नाला नेसायच्या रेशमी साडीच्या जवळपासही हे अत्तर आणू नये.

तर मग प्रत्येकाच्या अंगावर ते वेगळे उठते का? उठते, पण दुकानदार सुचवतो तितके गूढ त्यात काही नाही. त्वचा अत्तराचे रसायन पालटून त्याचे दुसरेच काही करून टाकते, असे मला या साऱ्यात कुठे दिसले नाही. दिसला तो वेगाचा फरक. तापलेल्या अंगावरून हलके मसाले भराभर उडतात आणि राळ लवकर उघडी पडते. तेलाचा थर असला की सगळेच लांबते. गार हातावर मसाला दबतो आणि गोडवा वर राहतो. त्यात आधीपासून अंगावर असलेला साबण, पावडर, खोबरेल, घाम यांची भेसळ होते, आणि माझ्या मते लोक ज्याला 'माझ्या अंगाला सूट होत नाही' म्हणतात, त्यातला मोठा वाटा या भेसळीचा असतो. पुतण्याला बॉडी स्प्रे वर्ज्य करून पुन्हा लावायला दिले तेव्हा तो चामड्याचा वास निम्म्याने उतरला. पहिल्या तासात हे सगळे नमुने एकमेकांपासून फार दूर होते. पाच-सहा तासांनंतर मात्र ते एकाच ठिकाणी, ऊद आणि नागरमोथ्यापाशी, येऊन मिळाले. राहता राहिला तो हुंगणाऱ्याच्या नाकाचा फरक, आणि तोही लहान नाही: सासूबाईंना जिथे दगडफूल भेटले तिथे मैत्रिणीला 'काहीतरी लाकडासारखं' एवढेच कळले.

ऋतूचा विचार केल्याशिवाय हे अत्तर घेऊ नये. उत्तरेत शमामा थंडीतच लावतात, आणि उन्हाळ्यात वाळा, गुलाब किंवा मातीचे अत्तर काढतात. ही वाटणी मुंबईलाही लागू आहे, फक्त आपली थंडी चार दिवसांची. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो खुलतो. मार्चच्या मध्यापासून त्याची ऊब अंगावर येऊ लागते, आणि मे महिन्यात तो लावून गर्दीत शिरण्याचा विचारही नको. पावसाळ्यातल्या दमट कपड्यांवर अशी जड राळ कुबट वासाशी हातमिळवणी करते, हे दुसऱ्या एका अंबराच्या अत्तरावरून मला माहीत आहे.

किमतीचे गणित सरळ आहे. देशी चंदनतेलाचा भाव किलोला लाखाच्या पुढे असल्यामुळे आज स्वस्तात मिळणारा शमामा चंदनतेलावर उतरवलेला नसतो. त्याचा आधार बहुतेक वेळा लिक्विड पॅराफिन किंवा तत्सम बिनवासाचे तेल असते. माझ्या कुपीतही चंदन जाणवले नाही, आणि म्हणूनच शेवटच्या टप्प्यात जो मऊ, दुधाळ उतार यायला हवा होता त्याऐवजी नुसती राळ उरली. पैसे वसूल झाले का, तर या किमतीला झाले. पण अस्सल म्हणून चढा भाव सांगितला तर चंदन कुठे आहे, हे नाकाने तपासून मगच द्यावेत. कुपीचे बूच मात्र अगदीच सुमार आहे. पर्समध्ये आडवी राहिली की झिरपते, आणि पर्सचे अस्तर मग वर्षभर तोच वास मारते.

घ्यायचेच असेल तर तोळाभर न घेता तीन मिलिलीटरची कुपी घ्यावी, दुकानात जाताना अंगाला दुसरे काही लावू नये, आणि सळई दुकानदाराच्या हातावर नव्हे तर आपल्याच मनगटावर टेकवून घ्यावी. त्यानंतर लगेच पैसे न देता क्रॉफर्ड मार्केटमधली खरेदी उरकून यावी, शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी आणि रमझानच्या संध्याकाळी त्या रस्त्यावर उभे राहायलाही जागा नसते, तेव्हा इतर दिवशी सकाळी अकराच्या सुमारास गेल्यास दुकानदार शांतपणे चार कुप्या उघडून दाखवतो. त्यांत नुसता शमामा आणि शमामा-अंबर हे दोन्ही शेजारी शेजारी मागून पाहावेत, कारण गोडाचे वावडे असलेल्यांना पहिलाच अधिक रुचण्याची शक्यता आहे.