नऊ महिन्यांनंतर: परसात धावणारी पुठ्ठ्याची ‘बार्शी लाइट’

बार्शीतील आमच्या घराच्या परसात गेल्या दिवाळीत पुठ्ठ्याचे एक इंजिन आणि चार डबे धावू लागले. आता श्रावण संपत आला आहे आणि एखादा अपवाद वगळता ही गाडी रोज संध्याकाळी अर्धा तास चालते. उघड्यावर पुठ्ठा टिकत नाही, असे मला जवळपास प्रत्येकाने बजावले होते. म्हणूनच या नऊ महिन्यांत काय टिकले, काय बिघडले आणि का बिघडले, हे तपशिलाने लिहावेसे वाटले.

नमुना म्हणून बार्शी लाइट रेल्वे निवडण्याचे कारण घरातच होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश अभियंत्याने उभारलेला २ फूट ६ इंच रुंदीचा हा मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला आणि पुढे १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत, १९११ मध्ये लातूरपर्यंत व १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेला. माझ्या सासऱ्यांचे अर्धे तारुण्य याच गाडीत गेले. मापाच्या दृष्टीनेही ही निवड सोयीची ठरली, कारण बागेतल्या रेल्वेसाठी मिळणाऱ्या ३२ मिलिमीटरच्या रुळांवर १:२४ हे प्रमाण धरले की मूळ मार्गाची रुंदी जवळजवळ तंतोतंत उतरते. कॅलथ्रॉप यांनी मालडब्यांच्या चौकटी एकाच मापाच्या, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद ठेवल्या होत्या. त्यामुळे ३१७ बाय ८९ मिलिमीटरचा एक पत्र्याचा साचा कापून घेतला आणि तीनही मालडब्यांचे तळ त्यावरूनच काढले. प्रवासी डबा मात्र छायाचित्रे आणि सासऱ्यांची आठवण यांच्या आधाराने केला आहे. खिडक्यांना आडवे गज होते असे त्यांनी सांगितल्यावर ते गज मी खराट्याच्या काड्यांचे केले.

पुठ्ठा कोणता घ्यावा, याबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे. खोक्यांचा नालीदार पुठ्ठा यासाठी अजिबात वापरू नये, कारण त्याच्या नळ्यांत शिरलेला ओलावा दिवसेंदिवस बाहेर पडत नाही. वह्या बांधणाऱ्यांकडे मिळणारा राखाडी, भरीव पुठ्ठा घ्यावा. मी भिंतींसाठी २ मिलिमीटरचा एक थर आणि तळासाठी दोन थर वापरले. पुठ्ठ्यालाही लाकडासारखी रेघ असते. एका दिशेने तो सहज वळतो, दुसऱ्या दिशेने वळताना कुरकुरतो आणि दमट हवेत रेघेच्या आडव्या अंगाने फुगतो. तळाचे दोन थर एकमेकांच्या आडव्या रेघेत चिकटवल्यामुळे चारही तळ आजवर सरळ राहिले आहेत. प्रवासी डब्याची एक भिंत मी घाईत फक्त बाहेरून रंगवली होती, ती आठवड्याभरात धनुष्यासारखी वाकली. तेव्हापासून प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी रंगवते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कडांची आहे. पुठ्ठ्याचा पृष्ठभाग बराच सोसतो, पण कापलेली कड पाणी वातीसारखे ओढून घेते. म्हणून जोडणीपूर्वी प्रत्येक तुकड्याला स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे तीन हात दिले. पहिला हात इतका पातळ असावा की तो पुठ्ठ्यात मुरून दिसेनासा व्हावा. कडांना त्यानंतर आणखी दोन हात लागतात. वाळल्यावर कडेवर नख ओढले की मऊ चरचर न येता लाकडासारखा टणक आवाज येतो, आणि तोवर थांबलेच पाहिजे. सुरुवातीला एका ओळखीच्या सुताराकडची वर्षभर पडून राहिलेली लाख मी वापरली. ती आठवडाभर चिकटच राहिली आणि दोन भिंती टाकून द्याव्या लागल्या. विरघळवलेली लाख शिळी झाली की नीट कडक होत नाही, म्हणून लागेल तेवढीच ताजी भिजवावी. ओलाव्याने नुसती लाख पांढुरकी पडते, त्यामुळे तिच्यावर ऑइल पेंटचे दोन हात हवेतच.

मे महिन्यात एका रात्री वळवाचा पाऊस आला आणि एक मालडबा रुळावरच राहून गेला. सकाळी पाहिले तर भिंती, छप्पर आणि सगळ्या कडा शाबूत होत्या. फक्त डबे एकमेकांना जोडणाऱ्या कपलिंगच्या स्क्रूभोवती, जिथे रंगकाम झाल्यावर मी भोक पाडले होते आणि त्याला लाख लावायची राहिली होती, तिथला पुठ्ठा पापडासारखा फुगून थर सुटले होते. संपूर्ण डब्यात पाण्याला तेवढीच एक वाट सापडली होती. तो भाग कापून नवा तुकडा बसवला आणि सगळ्या डब्यांची सगळी भोके त्याच दिवशी लाखेने भरून घेतली.

पावसापेक्षा मला उन्हाळ्याने जास्त सतावले. एप्रिलच्या दुपारी काळ्या रंगाचे छप्पर हात लावता येणार नाही इतके तापत असे. साधा पांढरा गोंद उष्णतेने नरम पडतो, त्यामुळे ताणून वळवलेल्या छपराचे सांधे हळूहळू उघडले. आता छपराचा पुठ्ठा आधी किंचित ओलसर करून पाइपवर बांधून वळवते आणि पूर्ण वाळल्यावरच चिकटवते, म्हणजे गोंदावर ताण राहत नाही.

चाके, आस आणि बोगीचा, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या फिरत्या चौकटीचा, खिळा यांसाठी धातूच हवा. चाके लेथवर करून घेतली आणि सर्वाधिक खर्च त्यांचाच झाला. बोगीचा खिळा मात्र मी थेट पुठ्ठ्याच्या भोकात बसवला होता. चार महिन्यांत ते भोक लांबट झाले आणि वळणावर डबे डुलू लागले. भोकात पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, बसवल्यावर तो दोष गेला. पुठ्ठ्याचे डबे हलके असल्याने रुळावरून सहज घसरतात, म्हणून तळाखाली लोखंडी वायसर चिकटवून प्रत्येक डबा सुमारे ४०० ग्रॅमचा केला आहे.

रिव्हेट, म्हणजे लोखंडी पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची गोल डोकी, हा या कामातला माझा सर्वांत आवडता भाग. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद उलटा ठेवून, खाली मऊ रबर घेऊन, संपलेल्या बॉलपेनने एकेक ठिपका दाबायचा. सुलट केल्यावर ओळीने उठलेले बारीक टिपके रंगाखाली हुबेहूब लोखंडी पत्र्यासारखे दिसतात. एका मालडब्याला दोन संध्याकाळी लागतात आणि त्या मला कधीच जड वाटल्या नाहीत.

ज्यांना गाडी बारा महिने बाहेरच ठेवायची आहे, त्यांनी पुठ्ठ्याच्या वाटेला जाऊ नये. आमची गाडी रात्री फडताळात असते. मात्र हाताशी लेथ किंवा सुतारकामाची हत्यारे नसतील आणि रोज डबे उचलून आत नेण्याची तयारी असेल, तर मी हाच पुठ्ठा निःसंकोच सुचवीन. पाचवा डबा सध्या लाखेच्या दुसऱ्या हातावर आहे. त्याच्या खिडक्यांचे गज सासऱ्यांनी स्वतः मोजून कापले आहेत.