परदेशी शिकवायला जाताना: मिरजेचा तानपुरा की इलेक्ट्रॉनिक?

कोल्हापूरच्या गायनशिक्षकाला तानपुरा जवळच, मिरजेत मिळतो. पण खरी कसोटी विमानाची. भोपळा नाजूक, त्यामुळे कडक पेटीच हवी. चारही तारा सैल करा, पूर्ण काढू नका. नाहीतर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) सरकते आणि जवारी (घोडीवर तारांना गुंजन देणारी बारीक जुळणी) पुन्हा जुळवावी लागते. जुनी घोडी हस्तिदंताची असेल तर वाद्य सीमाशुल्कात अडकेल. थंड देशांतल्या हीटरच्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, भोपळ्याला तडा जाऊ शकतो.

इलेक्ट्रॉनिक हातातल्या पिशवीत मावतो. अमेरिकेत वीज 120 व्होल्ट, तेव्हा अडॅप्टरवर 100-240 लिहिलेलं तपासा.

रोजच्या वर्गाला इलेक्ट्रॉनिक पुरतो. मात्र तार छेडताना आपोआप उमटणारा गंधार (‘ग’ हा स्वर) परक्या विद्यार्थ्याला ऐकवायचा, तर खराच तानपुरा न्यावा. तेवढा त्रास सोसावाच.