काट्यावर वजन बरोबर, तरी सोनं नाही

१९९६ साली इंग्लंडमध्ये झालेल्या युरो फुटबॉल स्पर्धेनिमित्त रॉयल मिंटने, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीने, २ पौंडांचं नाणं काढलं. त्यावर फुटबॉलची नक्षी, मधोमध १९९६ हे साल आणि १६ राष्ट्रीय संघांसाठी १६ छोटी वर्तुळं. साधं नाणं निकेल-ब्रासचं, म्हणजे निकेल मिसळलेल्या पितळेचं. शिवाय चांदीची आणि २२ कॅरेट सोन्याची आवृत्तीही निघाली. या सोन्याच्या नावाखाली एका संग्राहकाच्या गळ्यात मुलामा दिलेलं साधं नाणं मारलं गेलं, म्हणून हे लिहिणं.

विक्रेत्याने व्हिडिओ पाठवला होता. काट्यावर १५.९८ ग्रॅम, व्हर्नियरवर (व्यास मोजायच्या पट्टीवर) २८.४ मिलिमीटर, चुंबक चिकटत नाही. यातलं काहीही खोटं नव्हतं, आणि खरी मेख तिथेच आहे. तिन्ही धातूंच्या नाण्यांचं वजन आणि व्यास जवळपास सारखाच ठेवलेला आहे. निकेल-ब्रासलाही चुंबक लागत नाही. फरक पडतो तो जाडीत: सोनं जड असल्याने सोन्याचं नाणं साध्याच्या साधारण निम्म्या जाडीचं भरतं. व्हिडिओत नाणं कडेवर उभं करून एकदाही दाखवलं नव्हतं.

घरच्या घरी खात्री करायची तर ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडेल असं लोंबतं धरा. तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काट्यावर सोन्याला सुमारे ०.९०, चांदीला १.५५ आणि निकेल-ब्रासला १.९ ग्रॅम दिसेल. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो, म्हणून ते आधी झटका. कसोटीच्या दगडावर मात्र घासू नका. खरं प्रूफ (संग्राहकांसाठी खास चकचकीत घडवलेलं) नाणं असलं तर एका ओरखड्यात त्याची किंमत पडते, आणि मुलामा जाड असेल तर वरवरच्या घासण्याने काही कळतही नाही.

किंमतही बोलते. खऱ्या नाण्यात सुमारे १४.६ ग्रॅम शुद्ध सोनं असतं. त्या दिवशीच्या भावाने हिशेब करा. कोणी त्याच्या निम्म्यात देत असेल तर तिथेच थांबा. खोका आणि प्रमाणपत्र पाहून भुलू नका, ती वेगळी विकत मिळतात. पैसे थेट बँकेतून पाठवू नका. ब्रिटनमध्ये व्यापाऱ्याकडून १०० पौंडांहून महाग वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली असेल, तर कार्ड देणाऱ्या कंपनीकडेही दावा करता येतो.