केगमध्ये गॅस: दोन आठवडे मुरवायचा की एका दिवसात भरायचा?

घरी केलेली बिअर पहिल्यांदा केगमध्ये, म्हणजे दाब सहन करणाऱ्या धातूच्या पिंपात, भरणाऱ्याला तिच्यात कार्बन डायऑक्साइड गॅस मुरवण्याबद्दल दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, 'थंड कर, 12 पीएसआय (दाबाचं एकक) लाव आणि दोन आठवडे विसरून जा.' दुसरा म्हणतो, 'कशाला थांबायचं? 30 लाव, उद्या पी.' दोघंही बरोबर आहेत. मला विचाराल तर दिवस मोजून ठरवू नका. चूक झाली तर कुठली निस्तरणं तुम्हाला जमेल, ते बघून ठरवा.

सावकाश पद्धतीत बिअर 4 अंश सेल्सिअसला आणि दाब 12 पीएसआयला ठेवला, की गॅस साधारण 2.5 व्हॉल्यूमवर येऊन थांबतो, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर गॅस. दहा दिवस ठेवा नाहीतर महिनाभर, त्यापुढे तो जात नाही. विसराळू माणसासाठी यासारखं सुख नाही. मात्र तापमान चुकलं की गणित कोसळतं. तेच 12 पीएसआय 20 अंशांना जेमतेम दीड व्हॉल्यूम देतात. तिथे अडीच हवे असतील तर दाब 29च्या आसपास लागतो. म्हणून 'पंधरा दिवस झाले तरी मिळमिळीतच आहे' असं कुणी म्हणालं, की मी आधी थर्मामीटर कुठे ठेवलाय ते विचारतो. फ्रिजमधली हवा नव्हे, पाण्याच्या ग्लासात बुडवून मोजा.

या पद्धतीचा शत्रू म्हणजे गळती. सिलिंडर दोन आठवडे उघडा राहतो, आणि झाकणाची ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद करणारी रबरी कडी, केसभर सरकलेली असली तरी तो रिकामा व्हायला तेवढे दिवस पुरतात. माझा पहिला सिलिंडर असाच गेला, आणि दाब दाखवणारा काटा शेवटपर्यंत 'भरलेला' दाखवत होता. तो खोटं बोलत नव्हता. आत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो, आणि द्रव संपेपर्यंत दाब जवळपास तसाच राहतो. सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवला की काटा खाली येतो, तेव्हाही गॅस गेलेला नसतो. खरं उत्तर वजनकाटाच देतो. 19 लिटरचा केग मुरवायला आणि ओतायला मिळून दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. दोन किलोचा सिलिंडर एकाच केगमध्ये संपला, तर तो प्यायला कुणी नव्हतं, हवेत गेला.

झटपट पद्धतीत थंड बिअरवर सुमारे 24 तास 30 पीएसआय ठेवायचे, मग गॅस बंद करून वरचा दाब सोडायचा आणि रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरवरचा दाब ठरवणारा भाग, 12 वर आणायचा. धोका असा, की 30 पीएसआयवर बिअर चार व्हॉल्यूमच्याही पुढे निघालेली असते आणि आपण मध्येच उडी मारून उतरतो. उतरायला विसरलात तर नळातून नुसता फेस. मग गॅस काढून ठेवा आणि दर काही तासांनी झाकणावरचा व्हॉल्व्ह ओढत बसा; त्यात एकदोन दिवस सहज जातात. केग गदागदा हलवून काम तासाभरावर आणणारेही आहेत. पण त्यात किती गॅस शिरला याचा अंदाज राहत नाही, तळाचा गाळ उठतो, शिवाय उलट-झडप (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) नसेल तर बिअर गॅसच्या नळीत चढते. मी स्वतः घाई असली तर 24 तासांनी चव घेतो, गॅस थोडा कमीच ठेवतो आणि उरलेला 12 वर मुरू देतो.

साखर घालून केगमध्येच आंबवणं हा तिसरा मार्ग, फ्रिज रिकामा नसेल तेव्हाचा. बाटल्यांच्या मानाने अनेकजण निम्मीच साखर घालतात. तरी सिलिंडर टळत नाही, कारण सुरुवातीला दाब देऊन झाकण बसवलं नाही तर यीस्टने केलेला गॅस फटीतून निघून जातो. पहिला ग्लास गढूळ येणारच.

मार्ग कोणताही घ्या, जुना केग असेल तर सगळ्या ओ-रिंगा आधी बदला. रिकाम्या केगला 30 पीएसआय देऊन झाकण, पोस्ट (नळ्या जोडायची केगवरची तोंडं) आणि नळीचे सांधे यांवर साबणाचं पाणी मारा. मग सिलिंडर बंद करून रात्रभर काटा बघा. ही चाचणी भरलेल्या केगवर करू नका. थंड बिअर गॅस पिते, दाब आपोआप उतरतो आणि नसलेली गळती शोधत तुम्ही रात्र घालवता.

आणखी एक फसगत. ग्लासात ढीगभर फेस, खालची बिअर मिळमिळीत. लोकांना वाटतं गॅस कमी आहे, म्हणून दाब वाढवतात आणि फेस दुप्पट होतो. खरं तर गॅस बिअरमध्ये होता, ओतताना उडाला. फक्त पहिलाच ग्लास फेसाळत असेल तर नळ गरम आहे. प्रत्येक ग्लास फेसाळत असेल तर नळी आखूड आहे किंवा गॅसच जास्त झालाय. 12 पीएसआयला सुमारे 5 मिलिमीटर आतल्या व्यासाची साधी व्हिनाइल नळी तीनेक मीटर तरी हवी. आणि बिअरच्या नळीत सतत बुडबुडे पळताना दिसले, तर डिप ट्यूबची (केगच्या तळातून बिअर वर आणणाऱ्या नळीची) छोटी ओ-रिंग काढून बघा. ती फाटली की केगमधला वरचा गॅस तिथूनच बिअरमध्ये घुसतो.