घरासाठी की थेट हातात?

अमेरिकेतल्या गुलामगिरीची भरपाई कृष्णवर्णीयांना द्यावी की नाही, यावर आमच्याकडच्या पॉटलकमध्ये (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात) भरपूर भांडून झालंय. ते पुन्हा उकरत नाही. हे लिहितोय ते ‘द्यावी’ इथवर आलेल्या, पण ‘कशी’वर अडलेल्यांसाठी. मी शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टनला लागून, स्कोकीत राहतो, आणि इव्हॅन्स्टनने अशी भरपाई देऊन पाहिली आहे.

इव्हॅन्स्टनची मूळ योजना घरापुरती होती. गांजाविक्रीच्या करातून १ कोटी डॉलर बाजूला काढायचे आणि पात्र माणसाला २५,००० द्यायचे. तेही डाउन पेमेंट, कर्जफेड किंवा डागडुजीसाठीच. पात्र म्हणजे १९१९ ते १९६९ दरम्यान गावात राहिलेले कृष्णवर्णीय आणि त्यांचे थेट वारस. काटेकोर बोलायचं तर ही गुलामगिरीची भरपाई नव्हेच, घरांबाबत गावाने केलेल्या भेदभावाची आहे. मला मात्र हा नेमकेपणा आवडतो. शिवाय रोख दिली तर प्राप्तिकर लागेल आणि तो माफ करणं आपल्या हातात नाही, असं नगरपालिकेचं म्हणणं होतं. तेही खोटं नाही.

(शिष्यवृत्ती, प्रवेश वगैरे तिसरा मार्ग आहे. १८३८ मध्ये विद्यापीठ चालवणाऱ्या पाद्र्यांनी विकलेल्या २७२ गुलामांच्या वंशजांना जॉर्जटाउन विद्यापीठ प्रवेशात झुकतं माप देतं. चांगलंच आहे, पण साठीच्या माणसाने त्याचं काय करायचं?)

घोडं पेंड खातं ते एका कलमात: पैसे जायचे बँकेला, नाहीतर कंत्राटदाराला.

काही वर्षांपूर्वी आमच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं. विम्याचा क्लेम मंजूर झाला, चेक आला, तर त्यावर माझ्यासोबत कर्ज देणाऱ्या बँकेचंही नाव. तिच्या सहीशिवाय तो वटेना. बँकेला आधी कोटेशन हवं, मग अर्ध्या कामाचे फोटो, मग इन्स्पेक्टर. नुकसान माझं, हप्ते मी भरलेले, आणि कार्पेटचा कुबट वास घेत फोनवर मनधरणीही मीच करतोय. तीन महिने! आता माझं बेसमेंट आणि त्यांचा इतिहास यांची बरोबरी नाही, मान्य. पण तेव्हापासून ‘पैसे उडवतील’ हे वाक्य कुणी म्हटलं की मला तो चेक आठवतो.

कारण गुलामांच्या मालकांना भरपाई दिली, तेव्हा ‘पैशाचं काय करणार’ हे कुणी विचारलं नव्हतं. ब्रिटनने गुलामगिरी संपवणाऱ्या १८३३ च्या कायद्याने त्यांना २ कोटी पौंड मंजूर केले. १८६२ मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या मालकांना मुक्त केलेल्या दर गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत मिळाले. त्याच कायद्यात मुक्त झालेल्यांसाठीही १०० डॉलरपर्यंत तरतूद होती, पण देश सोडून जायला तयार असाल तर!

कराचं म्हणाल, तर दुसऱ्या महायुद्धात डांबलेल्या जपानी-अमेरिकनांना १९८८ च्या कायद्याने प्रत्येकी २०,००० डॉलर दिले, माफीसकट आणि करमुक्त. अर्थात तो संघराज्याचा कायदा. एका गावाला ते जमणारं नव्हतं.

रोखीत एक खोट आहेच. चेक दिला की ‘दिले ना, आता विषय संपवा’ म्हणायला लोक मोकळे. ही भीती मला खरी वाटते. ज्याचं घर आहे आणि छप्पर गळतंय, त्याला जुनी पद्धतही कदाचित सोयीची पडेल. पण भाड्याने राहणाऱ्याचं काय? इव्हॅन्स्टननेही मार्च २०२३ मध्ये रोखीचा पर्याय दिलाच.

तुमच्या गावात असा मसुदा आला, तर रकमेचा आकडा नंतर बघा. चेक कुणाच्या नावे निघणार, ते कलम आधी शोधा.